पायाखालची माती, विमानातली

फुकटात काही मिळालं की मला आधी संशय येतो. त्यामुळं "कंपनीनं विमानाची तिकिटं दिलीत, दोघांची, आन् तीबी पुढच्या भारी वर्गाची" असं ह्यांनी दुकानातून येऊन सांगितलं, तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवून एवढंच विचारलं, "कशापायी?"

आमचं केजला मोटारी आणि पाइपांचं दुकान. त्या काळात गावात दर महिन्याला काहीतरी नवीन यायचं. केबल आली, एसटीडीचा डबा आला, शांपूच्या पुड्या आल्या, आणि कंपन्या दुकानदारांना बक्षिसं वाटायला लागल्या. इतक्या मोटारी विकल्या तर मिक्सर, तितक्या विकल्या तर टीव्ही. ह्यांनी लई विकल्या. मग मुंबईत दुकानदारांचा मेळावा, जोडीनं या, औरंगाबादवरून विमानात बसवतो म्हणाले. ह्यांना काय, हे हुरळले. मला मात्र वाटत होतं, एवढं देतायत म्हणजे कुठून तरी वसूल करणार.

पण नाही म्हणायची सोय नव्हती. पोरगं पाच महिन्यांचं होतं आणि त्याच्या काळजाला भोक होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती आणि एक गोष्ट तीनदा बजावली होती. ह्याला रडू देऊ नका. रडायला लागला की आधी ओठ निळे पडायचे, मग नखं, मग मान टाकायचा. पाच महिने मी ते पोर रडू न देता वाढवलं. रात्रंदिवस कडेवर, तोंडाशी, झोळीत. मेळाव्याचा आठवडा आणि दवाखान्याची तारीख एकच आली. एसटीत दहा-बारा तास त्याला न रडवता नेणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. विमानाला हरकत नाही असं डॉक्टरांनीच लिहून दिलं, मग मी गप्प बसले.

तिकिटं द्यायला कंपनीचा माणूस घरी आला. चहा पिता पिता मला शिकवायला लागला. "वहिनी, पुढं मोठी मोठी लोकं बसतात. बाळ रडलेलं त्यांना चालत नाही. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा दूध पाजा, म्हणजे गप्प राहील." मी म्हणलं, बाबा, तुझ्या मोठ्या लोकांना नुसता त्रास होईल, माझ्या पोराचा जीव जाईल. हे मनात म्हणलं. तोंडानं म्हणाले, "बरं."

सासूबाईंचा पाठ वेगळाच. आमच्याकडं लहान पोराला चांगलं म्हणायची पद्धत नाही. शेजारीण आली, पोराकडं बघितलं, की म्हणणार, "काय ध्यान हाय!" आणि आई खूश होणार. चांगलं म्हणलं की दृष्ट लागली. सासूबाई तर नातवाला कधी नीट नावानं हाक मारत नव्हत्या, ध्यानच म्हणायच्या. निघायच्या दिवशी जीपमध्ये बसताना त्यांनी माझा हात धरला. "कुणी चांगलं म्हणलं तर त्याच्या पायाखालची माती घे. चिमूटभर. पदरात बांध. मीठ-मोहरीसंगं उतरून जाळ. आन् परक्या नजरंपुढं पाजू नको, दूध पिताना लागलेली दृष्ट उतरत न्हाई."

आता हसू येतं. तेव्हा नाही आलं. ज्याच्या काळजाला भोक आहे त्याच्या आईला कुणी काहीही सांगावं, ती करते.

विमानतळावरच माझं डोकं तापलं. आम्ही लिंगायत; तपासणीच्या बाईनं पोराच्या गळ्यात फडक्यात बांधलेलं लिंग दाबून बघितलं. म्हणलं, देव आहे तो, बाँब नाही. विमानात शिरलो तर दारातली पोरगी हात जोडून हसत उभी. ओळख ना पाळख, एवढं हसायला काय झालं? गरम वाफाळती फडकी चिमट्यात धरून आणली. ह्यांनी त्यानं तोंड, मान, काखेपर्यंत सगळं पुसलं. मी हातच लावला नाही. मग ती एक छोटा पट्टा घेऊन आली आणि पोराला माझ्या पट्ट्याला बांधायला लागली. मी तो तीनदा ओढून बघितला. मागं पडदा ओढला, तेव्हा मी ह्यांना विचारलं, "आपल्याला लपवलं का त्यांला?"

"अगं, गप बस," हे म्हणाले. खिडकी ह्यांनीच घेतली होती, बक्षीस त्यांचं ना. मी मधल्या वाटेच्या बाजूला. वाटेपलीकडं एक गृहस्थ. पांढरे केस, कोट, चकचकीत बूट, हातात पेपर. पेपर उघडलेला, पण नजर पोरावर. मी पदर पुढं ओढला. दोन मिनिटांनी बघितलं तर नजर तिथंच. माणूस पेपर विकत घेतो तो वाचायला, का त्याच्यावरून दुसऱ्याचं पोर बघायला?

विमान वर गेलं तेव्हा पोरगं झोपलेलं होतं. मी देवाचं नाव घेत होते आणि त्या माणसावर लक्ष ठेवत होते. थोड्या वेळानं पोर जागं झालं, त्याच्याकडं बघून बोळकं पसरून हसलं. आणि तो म्हणाला, "फार गोड आहे हो. गोरंपान."

झालं. दोन-दोन शब्द, गोड आणि गोरंपान, आणि वर काही नाही. थू नाही, ध्यान नाही, काही नाही. ह्यांना कोपर मारलं, तर हे त्या माणसाला म्हणाले, "थँक्यू." असा राग आला की बोलायची सोय नाही.

मग विमान उतरायला लागलं. पोरानं कान चोळला, तोंड वाकडं केलं आणि सूर काढला. मी वाटी-चमच्यानं पाणी दिलं, थुंकून टाकलं. हलवलं, थोपटलं, खुळखुळा वाजवला. आवाज वाढत गेला. पुढच्या खुर्चीवरची एक बाई मागं वळून बघायला लागली. एसटीत मी भरल्या गाडीत पाजलेलं आहे, पदर असला की झालं. पण इथं हातभरावर तो माणूस, ज्यानं नुकतंच गोड म्हणलेलं. पाजलं तर दृष्ट कायमची बसायची. नाही पाजलं तर.

"पाज की," हे म्हणाले.

"तो बघतोय."

"मरू दे त्याला. ओठ बघ पोराचे."

ओठ निळे पडायला लागले होते. मला एवढंच सुचलं, आधी माती. माती घेतली की दृष्ट अर्धी उतरते, मग पाजता येईल. पोराला ह्यांच्या मांडीवर दिलं, पट्टा सोडला आणि वाटेत खाली बसले. त्या सतरंजीवर एक कण माती असेल तर शपथ. झाडून, धुऊन, कुठल्या यंत्रानं ओढून घेतलेली. मी पदराचं टोक घेतलं आणि त्या माणसाच्या बुटाच्या कडेला, जिथं तळवा टेकतो तिथं, पुसायला लागले. हसणारी पोरगी तिच्या जागेवर पट्टा बांधून बसलेली, ती ओरडली, "मॅडम, सीटवर बसा." ह्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. पोर रडत होतं.

मी वर बघितलं. तो माणूस माझ्याकडं बघत होता. म्हणलं, आता हा बोंब मारणार, बूट चोरते म्हणणार.

त्यानं पाय उचलला. बुटाचा तळ माझ्यापुढं धरला. मग दुसराही उचलला. "ह्याचीबी घ्या, ताई," तो हळू म्हणाला. "चुकलं माझं. मीबी तुमच्याच बाजूचा, दिंद्रुडचा. आई असती तर तोंडात मारली असती माझ्या."

मी दोन्ही तळ पुसले. जागेवर बसून पोराला घेतलं. तेवढ्यात त्यानं आपला पेपर पूर्ण उघडला, हात लांब करून आमच्या दोघांच्या मधे वाटेत आडवा धरला, आणि मान पलीकडं फिरवली. मी पोराला पदराखाली घेतलं. ते दोनदा हुंदकलं, मग ओढायला लागलं. घोट गिळलेला ऐकू आला. चाकं जमिनीला लागली, सगळं विमान हादरलं, पण पेपर खाली आला नाही. मी पदर बाजूला करून बघितलं तेव्हा ओठ गुलाबी झालेले होते.

उतरताना तो आमच्या पुढं होता. दारापाशी थांबला, पोराकडं वाकून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय ध्यान हाय, बाई. लई भंगार पोरगं हाय."

ह्यांना एकदम राग चढला. "काय बे," म्हणत पुढं सरकले. मी ह्यांचा शर्ट धरून मागं ओढलं आणि म्हणलं, "आवो, चांगलं बोलला तो." आणि तिथंच, त्या हसणाऱ्या पोरीपुढं, मला रडू फुटलं.

मेळाव्याला हे एकटेच गेले. मी दवाखान्यात. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरीणबाई पोराला न्यायला आल्या आणि गालाला हात लावून म्हणाल्या, "किती गोड बाळ." मी त्यांचा हात धरला. "बाई, पाया पडते, गोड म्हणू नका. ध्यान म्हणा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुठल्या गावच्या होत्या देव जाणे, त्यांच्यात ही रीत असेल असं वाटत नाही. पण त्या म्हणाल्या, "बरं. चल रे ध्याना."

दोन दिवस नळ्या होत्या, पोराचा आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतून रडण्याचा आवाज आला. मोठा, बेंबीच्या देठापासून. मी सवयीनं धावले, दारावर हात मारायला लागले, कुणीतरी घ्या त्याला, गप्प करा. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला काचेतून दाखवलं. तोंड उघडं, मुठी आवळलेल्या, आणि ओठ लाल.

"तुमचंच ध्यान आहे," त्या म्हणाल्या. "आता रडू द्या त्याला."