शिऱ्यातली शेंद्री

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. वलगावात आमचा भाजीचा मळा होता. विहिरीजवळ वडिलांनी लावलेलं शेंद्रीचं झाड त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच काटेरी बोंडांनी लगडलं. बोंड फोडलं की आत लालभडक बिया! माझे पाय जमिनीवर ठरेनात. त्याच रंगात ताईचं लग्नातलं पातळ रंगवायचं, असं आईनं कबूल केलं होतं.

लग्न मात्र ठरायचं होतं. दोन स्थळं परत गेलेली. तिसरं अकोल्याचं, जठारपेठेतलं, घरी कपाशीची मोठी शेती. मुलाचे वडील पाहायला आले, तेव्हा आईनं त्या बिया तुपात परतून केशरी शिरा केला. आमचे वडील मळ्यात पाहुण्यांसाठी वांगी तोडायला गेले आणि पाहुण्यांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांनी यंदाचं पीकपाणी विचारलं. मी तर वाटच पाहत होते.

"यंदा शेंद्री लय हाये आमच्याकडे. बोंडा-बोंडात भरली."

त्यांचा चेहरा पडला. कपाशीवाल्यांच्या तोंडी शेंद्री म्हणजे बोंड पोखरणारी अळी, हे मला कुठं ठाऊक! मग काय करता, असं त्यांनी हळहळून विचारलं. मी सांगत सुटले. आई ती चोळते, राखेच्या पाण्यात उकळते, आता त्यात ताईचं पातळ बुडवणार.

"अन् तुमच्या शिऱ्यात तेच हाये न."

घास त्यांच्या तोंडातच राहिला. बशी सरकवून ते उठले आणि टोपी शोधू लागले. माझं काय चुकलं ते मला कळेना, पण तिसरं स्थळही चाललं, आणि ते माझ्यामुळे, एवढं कळलं, आणि मला रडू फुटलं.

पाहायला आलेल्यांपुढे मुलीनं बोलावल्याशिवाय यायचं नसतं. ताई आली. तिनं त्यांच्यासमोर बोंड फोडलं, बिया तळव्यावर चोळल्या आणि शेंदरी झालेला हात पुढे केला.

"बाबाजी, अळी नाई हे. झाडाचं बी हाये."

त्यांनी एक बी उचलून चिमटीत चुरली, हुंगली. मग खाली बसले आणि बशी पुढे ओढली. वडील वांगी घेऊन आले तोवर ती चाटूनपुसून साफ झाली होती.

"पोरगी पसंत हाये आमाले," ते वडिलांना म्हणाले. "पन लग्नात वाढायले या लहानीले नोका ठेवू."