उंची वाया जाऊ नये म्हणून

आमच्याकडे कुणाला नोकरी मिळत नाही, तो लागतो. 'पोरगा लागला का?' एवढंच विचारतात. नोकरी हा शब्द कुणी उच्चारत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. शेती करणारा शेती करतो, दुकान टाकणारा दुकान टाकतो, राईस मिलमध्ये पोती उचलणारा मिलमध्ये जातो. यांतला कुणीही लागलेला नसतो. लागायचं ते सरकारात. मी शिक्षिका झाले तेव्हा वडिलांनी दवनीवाड्याच्या चौकात ओळखीच्यांना चहा पाजला आणि दिसेल त्याला 'पोरगी लागली' म्हणून सांगितलं. कुठे लागली, काय शिकवणार, हे कुणी विचारलं नाही. त्या एका क्रियापदात सगळं आलं होतं.

या शब्दाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं, आणि तेही बैठकीत उगाच तोंड उघडल्यामुळे. आमच्या शाळेत पहिली ते दहावीचे वर्ग आहेत आणि भोवती तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत. दरवर्षी दहावीची परीक्षा तोंडावर आली की गोंदियाहून एक वक्ते यायचे. 'बच्चो, सपने बड़े देखो' इथून सुरुवात व्हायची. मग टाळ्या, चिवडा, एक सामूहिक फोटो. मागचं करिअर मार्गदर्शनाचं फ्लेक्स दुसऱ्या दिवशी खिचडीचं सरपण झाकायला जायचं. त्या वर्षी बैठकीत मी म्हटलं, की दहावीच्या शेवटी हे सांगून उपयोग काय, तोवर मुलांचं ठरलेलं असतं, नाहीतर ठरवलेलं असतं.

"बरोबर आहे तुमचं," मुख्याध्यापक म्हणाले. "मग पहिलीपासून दहावीपर्यंतचा आराखडा तुम्हीच करा."

शाळेत काम असंच वाटलं जातं. मी घरी येऊन दोन दिवस स्वतःवरच चिडचिड केली आणि तिसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. सुरुवात खालून करावी एवढंच त्या वेळी सुचलं होतं.

मोठेपणी कोण होणार, हा प्रश्न मोठ्या माणसांना दुसरं काही सुचत नाही तेव्हा लहान मुलांना विचारायचा असतो. मीही तोच विचारला. पोलीस, मिल्ट्री, मॅडम, एक डीजेवाला, एक बकऱ्यावाला. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, वेणीला दोन रंगांच्या रिबिनी, तोंडात पेन्सिल.

"तू कोण होणार?"

"मी लागीन," ती म्हणाली.

"कुठे लागशील?"

"ते नाही ठाऊक. पन लागीन."

वर्गातल्या बाई हसल्या. मीही हसले, पण ते हसू टिकेना. सहा वर्षांच्या मुलीला अजून जोडाक्षरं येत नव्हती, आणि आयुष्यात काय करायचं ते मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. मग मी वरच्या वर्गांत गेले. जसजशी वर गेले तसतशी उत्तरं कमी होत गेली. तिसरीत डीजेवाला नव्हता, चौथीत बकऱ्यावाला गळाला. सहावीत मुलगे पोलीस नाहीतर फौज आणि मुली नर्स, मॅडम नाहीतर पोलीस एवढंच उरलं. आम्ही शाळेत त्यांचं ज्ञान वाढवत होतो म्हणायचं.

म्हणून माझ्या आराखड्यातला पहिला नियम असा होता, की सातवीपर्यंत हा प्रश्न कुणी विचारायचाच नाही. पहिली-दुसरीच्या मुलांनी गावात कोण काय काम करतं ते हिंडून पाहायचं आणि येऊन सांगायचं. त्यापुढच्या वर्गांत एकेका कामकऱ्याला त्याच्या अवजारांसकट बोलवायचं, पण भाषण करायचं नाही ही अट घालायची. आठवी-नववीच्या मुलांनी एक पूर्ण दिवस कुणाच्या तरी कामावर जायचं. नात्यातल्या माणसाकडे मात्र जायचं नाही, कारण नात्यातला माणूस काम दाखवत नाही, कौतुक करतो. आणि दहावीत पालक, मूल आणि शिक्षक यांनी एकत्र बसून बोलायचं.

मुख्याध्यापकांनी आराखडा वाचला. "छान आहे," ते म्हणाले, "पण यात करिअर कुठे आहे?" शेवटी मुखपृष्ठावर एक विमान आणि एक स्टेथोस्कोप घातला तेव्हा त्यांचं समाधान झालं.

नववीत एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांत उंच. प्रार्थनेच्या रांगेत ती कायम शेवटी असायची आणि तरी सगळ्यांत आधी दिसायची. तिचं भविष्य ती पाचवीत असतानाच ठरलं होतं, आणि ते ठरवण्यात सगळं गाव सामील होतं. 'उंची आहे, पोलिसात लागून जाईल,' असं किराणा दुकानात म्हणत, विहाराच्या पायरीवर बसलेल्या बायाही म्हणत. तिचे वडील गवंडी. रोज गोंदियाला कामावर जायच्या आधी ते तिला नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवर धावायला न्यायचे. ती पुढे धावायची आणि ते मागून सायकलवर. मी सकाळी शाळेकडे येताना कितीदा पाहिलं होतं त्यांना. ती बरी धावायची. कंटाळा केलेला कधी दिसला नाही, पण आनंदही दिसला नाही. घरचं पाणी भरावं तशी ती धावायची.

ती वर्गात बोलायची नाही. हुशार होती की नव्हती हेसुद्धा मला खात्रीनं सांगता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात आराखड्यातला एक दिवसाचा प्रयोग सुरू केला. कुणी दवाखान्यात गेलं, कुणी सौंदडला स्टेशनवर, दोघं गुरांच्या डॉक्टरबरोबर फिरले आणि शेणानं माखून परत आले. ही मुलगी उरली. नेमकी त्याच आठवड्यात गावात सरकारी मोजणी आली होती. दोन भावांचा धुऱ्यावरून वाद होता, धुरा म्हणजे शेताची हद्द. मी मोजणीवाल्या साहेबांना विचारलं, एक मुलगी दिवसभर बघायला आली तर चालेल का? 'भांडण बघायला मिळेल, मोजणीचं सांगता येत नाही,' ते म्हणाले. मी सोबत गेले.

धान निघालं होतं. बांध्या रिकाम्या होत्या आणि धुऱ्यांवर तूर उभी होती, त्या वर्षी चांगलीच वाढलेली. दोघे भाऊ दोन टोकांना उभे राहून एकमेकांच्या दिवंगत आजोबांविषयी बोलत होते. आजोबा एकच होते, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. साहेबांनी तिपाईवर यंत्र लावलं. त्यांचा मदतनीस आरसा लावलेली काठी घेऊन शेताच्या कोपऱ्यावर गेला. तो आरसा यंत्राला दिसला तरच माप मिळतं, असं साहेबांनी मुलीला सांगितलं. मदतनीस बुटका होता आणि काठीही आखूडच होती. तुरीच्या पलीकडे गेला की आरशासकट नाहीसा व्हायचा. साहेब ओरडायचे, 'वर धर, वर!' तो काठी उचलून धरायचा आणि ती डुलायची.

तिसऱ्यांदा तो नाहीसा झाला तेव्हा साहेबांनी मुलीकडे पाहिलं. "तू जातेस का गं?"

ती गेली. कोपऱ्यावर काठी धरून उभी राहिली, तर तिचं डोकं आणि आरसा दोन्ही तुरीच्या वर. मग दिवसभर साहेबांनी तिलाच फिरवलं. मदतनीस झाडाखाली बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला, त्यालाही तक्रार नव्हती. दुपारनंतर ती यंत्रापाशी येऊन विचारायला लागली. हा आकडा कशाचा? नकाशातली ही रेघ जमिनीवर कुठे? नकाशा जुना आणि धुरा सरकलेला असेल तर खरं काय मानायचं? या शेवटच्या प्रश्नावर साहेबांनी चष्मा काढला. 'याच प्रश्नावर माझी नोकरी चालते,' ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गासमोर सांगायचं होतं. वर्गात जागा पुरणार नाही म्हणाली आणि सगळ्यांना पटांगणात नेलं. चुन्यानं तिथे ते शेत आखलं, चार मुलींना कोपऱ्यांवर उभं केलं आणि धुरा कुठून कुठे सरकला ते त्यांना हलवून दाखवलं. एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकत होते. मला फार आनंद झाला. सोबत थोडी भीतीही वाटली, कारण आता पुढे काय होणार ते मला दिसत होतं.

पुढचं वर्ष दहावीचं. पालकांच्या भेटी ठेवल्या तेव्हा तिचे वडील कामावरूनच आले. अंगात धुतलेला शर्ट होता, हाताच्या नखांत मात्र सिमेंट तसंच होतं. डबा मांडीवर ठेवून ते खुर्चीच्या कडेला बसले. मुलगी त्यांच्या मागे उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

मी सगळी माहिती काढून ठेवली होती. दहावीनंतर आयटीआयला सर्व्हेअरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. नाहीतर पॉलिटेक्निकला सिव्हिल करता येतं. मोजणी खात्यात जागा निघतात, बाहेर रस्त्यांच्या, कालव्यांच्या कामांवरही अशी माणसं लागतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तिथं पोरगी लागल का?"

मला नाही म्हणवेना आणि हो म्हणण्याइतकी खात्री नव्हती. जागा निघतात, पण कधी निघतील, किती निघतील, हे कुणाला सांगता येतं? "लागू शकते," मी म्हटलं. शकते, शकेल, असं बोलणाऱ्या माणसावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

"पोलिसात कसं, उंची असली का अर्धं काम झालं," ते म्हणाले. "देवानं म्हना, मायच्या माहेरच्या रक्तानं म्हना, पोरीले उंची भेटली. ते सोडून हे काऊन कराचं? उंची वाया जाते ना मॅडम."

मला राग आला. उंची म्हणजे काय घरात पडून राहिलेलं लोखंड आहे, वाया जायला? मी तसं काहीतरी बोलणारच होते. तेवढ्यात ते डब्याच्या कडीशी चाळा करत म्हणाले, "मी गेल्तो ना भरतीले. धावन्यात पयला होतो. मापाच्या पट्टीखाली उभं केलं, अन् बोटभर कमी निंगालो. बोटभरच. साहेब म्हने, चल, बाजूले हो. तवापासून बाजूलेच आहो."

राग गेला आणि फार वाईट वाटलं. आराखड्यात मी काय काय लिहिलं होतं, पण या बोटभर जागेसाठी त्यात कुठे ओळ नव्हती. सायकलवरून रोज सकाळी ते मुलीच्या मागे का जातात हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. ती लागेल म्हणून हमी द्यावी तर ते खोटं होतं. त्यांचं ऐकावं तर ती उद्यापासून पुन्हा नहरावर.

शेवटी तेच मान मागे वळवून म्हणाले, "तू का म्हनते वो? तुले का कराचं आहे?"

मला वाटतं हा प्रश्न घरात याआधी कुणी विचारलाच नसावा.

"त्या दिवशी मी शेतात दिवसभर उभी होती बाबा," ती म्हणाली. "सगळे माह्याकडेच पाहून राहिले होते. कोनी 'धाव' नाही म्हटलं."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बसलेल्या माणसाला तिच्याकडे पाहायचं तर मान बरीच वर करावी लागायची.

"तिथं उंची लागते का?" त्यांनी विचारलं.

प्रश्न मला होता. नियमात बघायचं तर लागत नाही, आणि मी तोंड उघडलंही होतं.

"लागते बाबा," ती माझ्याआधी म्हणाली. "धुऱ्यावर तूर असली का लागते. बुटका मानूस दिसतच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"मंग वाया नाही जात," ते म्हणाले आणि डबा उचलून उभे राहिले. उभे राहिल्यावर ते तिच्या कानापर्यंत येत होते.