वेल्डाचं निळं भांडं

वेल्डा, काल पहाटे गरम झऱ्यांची वाफ पुन्हा रस्त्यावर उतरली होती आणि तिच्यातून तुझा पिकअप येताना मला दिसला. दिवे मंद, शेजारच्या सीटवर पंच्यात गुंडाळलेलं भांडं. म्हातारपणी असलं काहीबाही दिसतं. मी त्याचं कौतुक करत बसत नाही.

जन्मभर शहरात नर्स होतीस. निवृत्त होऊन खोऱ्यात परतलीस ती एकच हट्ट घेऊन: इथल्या माणसांना शेवटचे दिवस आपापल्या घरी काढता यावेत. त्यासाठी हॉस्पिसचा, म्हणजे मरणाच्या दारातल्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचा, परवाना हवा. नेमके तेव्हाच राज्याने नवे परवाने बंद केले. दक्षिणेकडे नुसत्या पाट्या लावून, नसलेल्या रोग्यांची बिलं सरकारला लावणाऱ्या संस्था उगवल्या होत्या. त्यांना आवरायलाच हवं होतं, हे तूही म्हणायचीस. पण आपल्या खोऱ्यात एकही संस्था नव्हती, आणि शहरातली कुठलीच संस्था घाट चढून येत नव्हती.

मग तू नुसती शेजारीण झालीस. आजाऱ्याच्या घरी मांस-बटाटे घेऊन जायला परवाना लागत नाही. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहायचं, म्हणजे ते परत मिळतं. भांडं ठेवायच्या निमित्ताने तू आजाऱ्याची कूस बदलायचीस, ओठ ओले करायचीस, बसून राहायचीस.

गुरंवाला ऑरिन प्रुएट अंथरुणातून विचारायचा, "काय गं, आज तरी सरकारला विचारून आलीस का?"

"विचारलं. म्हणाले, मीठ कमी घाल."

"चवीवरून वाटलंच मला."

तो गेला तो स्वतःच्या खाटेवर, बाहेर तळ्यावर पांढरे हंस उतरत असताना.

पुढच्या हिवाळ्यात तुझी पाळी आली. शहरातल्या इस्पितळाच्या खिडकीतून फक्त उभ्या गाड्या दिसायच्या. डॉक्टर म्हणाला, "घरी सोडतो, पण परवाना असलेल्या संस्थेच्या हवाली."

"मी शेजारीण आहे. मी बघते," मी म्हणाले.

"शेजारणीच्या हाती मॉर्फिन कसं देऊ, बाई?" तोही खोटं बोलत नव्हता.

दुपारी औषधाच्या गुंगीत तुला ती खाट पिकअप वाटू लागली.

"काच खाली कर गं. झरे आले का?"

"येतायत."

"मग डावीकडे वळ. ऑरिनकडे माझं निळं भांडं राहिलंय. ते घेऊ, मग घरी."

"घेऊ," मी म्हणाले.

तू घाट चढलीच नाहीस. भांडं प्रुएटांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथं आहे. ऊन असलं की बुडावरची पट्टी रस्त्यावरून दिसते. मी झऱ्यांपर्यंत येते, गाडी हळू करते आणि सरळ जाते. डावीकडे अजून वळलेले नाही.