जिनतबींचा पहिला ऑसिलेटर

विश्रांतवाडीच्या जिनत शेख यांनी हडपसरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं सोल्डरिंग केलं. ट्रेमधून सर्किट बोर्ड यायचे, त्यावर त्या सुटे भाग बसवून टाके द्यायच्या आणि ट्रे पुढे सरकवायच्या. तपासणी दुसऱ्या खोलीत चालायची. कुठला बोर्ड कशात बसतो, चालू झाल्यावर काय करतो, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. पण त्यांचं काम ओळखू यायचं. सगळे भाग एका उंचीचे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. सुपरवायझर नव्या मुलींना त्यांच्या टेबलापाशी आणून म्हणायचे, "हे असं दिसलं पाहिजे."

निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी सोल्डरिंगच्या कामाला हात लावला नाही. मग गेल्या मार्चमध्ये मुलगी सुमय्या ऑफिसातल्या चेतनला घरी घेऊन आली. चेतन सुट्टीच्या दिवशी संगीत करायचा.

"चाची, पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सिंथेसायझरमधला हा भाग आहे, ऑसिलेटर," तो म्हणाला. "मूळ सूर हा काढतो, बाकीचे भाग त्याला वळण देतात. अस्सल आता मिळत नाही, म्हणून तसाच्या तसा बनवतोय. दोन बोर्ड वाया घालवले मी."

जिनतबींनी त्यातला एक उजेडात धरला. "सोल्डरिंग केलंस की फोडणी दिलीस?"

चेतन हसला. तिसरा कोरा बोर्ड, सुटे भाग आणि अस्सल बोर्डचा फोटो ठेवून गेला. फोटोत एका कोपऱ्यात दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवलेले होते, त्यांच्यावर एक रेझिस्टर तिरका टेकलेला, आणि सगळ्यावर पांढरी पेस्ट माखलेली. कुणीतरी घाईत उरकलेलं दिसतंय, असं म्हणून जिनतबींनी ते तिन्ही भाग सरळ ओळीत, नीट अंतरावर उभे केले. दोन दुपारींत बोर्ड तयार झाला.

रविवारी चेतनने त्याला कीबोर्ड आणि स्पीकर जोडला. जाड, खरखरीत, भरलेला आवाज खोलीभर पसरला. जिनतबी दचकल्या.

"हा यातून येतोय?"

"यातूनच, चाची."

आपला बोर्ड डोळ्यांसमोर काहीतरी करतोय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या अगदी जवळ जाऊन बसल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून हुसेनभाईंचा आवाज आला, "चढतोय." जिनतबींच्या या नवऱ्याने तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं होतं. दात गेले तसं वाजवणं सुटलं, कान मात्र शाबूत होता. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "अजून चढला."

खरंच सूर सरकत होता. पंखा लावला की उतरायचा, बंद केला की चढायचा.

"चालेल चाची, मी मधूनमधून जुळवून घेईन," चेतन म्हणाला.

"चालेल म्हणजे? राहू दे सगळं इथेच, कीबोर्ड-स्पीकरसकट."

सव्वीस वर्षांत त्यांच्याकडे बोर्ड परत आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या रात्री जेवणात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली फोटो पाहिला आणि चेतनला फोन लावला. "ते दोन ट्रान्झिस्टर चिकटवलेत कशाला?"

"दोघांना सारखीच ऊब मिळावी म्हणून. एक तापला, दुसरा गार राहिला की सूर हलतो. वरचा रेझिस्टर राहिलेला फरक भरून काढतो, तोही त्यांना टेकलेला लागतो. आणि दोघे अगदी जुळे हवेत. मी सांगायला हवं होतं."

"आणि मी विचारायला हवं होतं," जिनतबी म्हणाल्या.

त्या बसने पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेल्या आणि ओळखीच्या दुकानात एकाच नंबरचे चाळीस ट्रान्झिस्टर मागितले.

"चाळीस? माळ ओवायची आहे का?" दुकानदाराने विचारलं.

"जोडी जुळवायची आहे."

"मग इथे कशाला आलात? वधूवर सूचक केंद्रात जा." तरी त्याने एकाच पिशवीतले चाळीस मोजून दिले.

तीन दिवस मीटर घेऊन मोजणी चालली. बोटाच्या उबेनेही आकडा हलायचा, म्हणून चिमट्याने धरायचं आणि थांबायचं. प्रत्येक ट्रान्झिस्टर थर्माकोलमध्ये खोचून हुसेनभाई शेजारी आकडा लिहायचे. सतरावा आणि एकतिसावा जुळले.

मग आपलंच सुबक काम उपसायचं होतं. ते जड गेलं. टाके वितळवून तिन्ही भाग काढले, जुळ्यांच्या पाठी पेस्ट लावून चिकटवल्या, तांब्याच्या तारेने आवळल्या, वर रेझिस्टर तिरका टेकवला.

"सुपरवायझरनी परत पाठवलं असतं," त्या म्हणाल्या.

"ते बघायचे. मी ऐकतो. लाव."

हुसेनभाई डोळे मिटून बसले. जिनतबींनी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. अर्धा तास गेला.

"चढला?"

"नाही."

"उतरला?"

"नाही गं. चहा टाक."

खालचा सा आणि वरचा सा एकमेकांशी पक्के जुळेपर्यंत बारीक स्क्रू फिरवण्यात आणखी दोन संध्याकाळी गेल्या. चेतनने वाजवून पाहिलं आणि तो पुन्हा वाजवत बसला.

मे महिन्यात कोथरूडच्या एका लहान हॉलमध्ये त्याने कार्यक्रम केला. पहिली दहा मिनिटं जिनतबी सूर हलायची वाट पाहत होत्या. मग त्या वाट पाहायला विसरल्या. परतताना हुसेनभाई म्हणाले, "गाणं काही कळलं नाही. सूर पक्का होता."

दुसरा ऑसिलेटर त्यांनी घरासाठी बनवला. हुसेनभाई दुपारी त्यावर एकच सूर धरून ठेवतात आणि बँडमधल्या जुन्या चाली गुणगुणतात. शेजारच्या सुंदराबाई दारातून विचारतात, "आज काय वाजतंय?" जिनतबी त्यांना आत बोलावतात, खुर्ची देतात आणि बटण फिरवून बघायला सांगतात.