हेल्मेट काढा!

बहरीनमधल्या अस्करच्या ॲल्युमिनियम प्लांटमध्ये आठ वर्षं काढली. निघताना सामान दोन बॅगांत मावलं, किस्से मावेनात. त्यातले निम्मे आमच्या अमेरिकन सुपरवायझरचे, कार्लचे!

कामाला माणूस चोख. पण शिफ्टआधी सेफ्टीवर बोलायला पाच मिनिटं असत, त्यातली तीन त्याच्या देशाची. "अमेरिका ख्रिश्चनांची आहे. कायदेही बायबलचेच हवेत!"

*

एकदा त्याने मला धर्म विचारला. मी म्हटलं, "बौद्ध."

"पण तुमच्याकडे हिंदू जास्त ना? मग देश त्यांचाच!"

माणूस सातासमुद्रापलीकडचा, वाक्य थेट आमच्या गावच्या चावडीवरचं! मला घरची आठवण आली.

*

शुक्रवारी मनामात मराठी मंडळाची मीटिंग होती. सेक्रेटरी पाटणकर कार्लचे किस्से ऐकून पोट धरून हसले. "काय धर्मवेडे लोक!" मग डोळे पुसत त्यांनी कार्यक्रमाच्या यादीतलं एक नाव खोडलं. आमच्या प्लांटचे स्टोअरकीपर दाऊदभाई, रत्नागिरीचे. "आपला कार्यक्रम आहे, उगाच कशाला?"

दाऊदभाईंना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग मराठी बोलायला मी कुठं जाऊ? कराचीला?"

*

अमेरिकेत निवडणूक आली आणि कार्लने रोज सकाळी प्रार्थनाच सुरू केली. "हेल्मेट काढा! ख्रिस्ताची माणसं निवडून येऊ देत!"

डोक्यावर क्रेन फिरत होती, तरी सगळ्यांनी काढलं. एक थॉमस सोडून. केरळचा थॉमस, इथे सुट्टी शुक्रवारी म्हणून एकही शुक्रवार चर्च न चुकवणारा.

"अरे, तू तर ख्रिश्चन!" कार्ल ओरडला.

"म्हणूनच! मी देवाकडे मतं मागत नाही."

एवढ्यावर थांबेल तर थॉमस कसला! त्याने सेफ्टीचं तक्रार-कार्ड भरलं. 'क्रेनखाली बारा माणसं उघड्या डोक्याने उभी.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'राजकारण'.

*

कार्डावर साक्षीदाराची सही लागायची. थॉमसचं कॉन्ट्रॅक्ट महिन्याभरात रिन्यू व्हायचं होतं, दोन मुली इथल्याच शाळेत. तरी त्याने कार्ड भरलं. आणि मी, दर जयंतीला संविधानावर भाषण ठोकणारा, त्याला म्हणालो, "उद्या बघू, इंशाल्ला!"

त्या इंशाल्लाची मला आजही लाज वाटते. शेवटी स्टोअरच्या खिडकीतून सगळं पाहणाऱ्या दाऊदभाईंनी सही केली.

*

थॉमसचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. खलास! शेवटच्या सकाळी कार्लने त्याला पुढे बोलावलं, आम्हाला हेल्मेट काढायला लावलं आणि गोड आवाजात म्हणाला, "थॉमस, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

थॉमसने वर क्रेनकडे पाहिलं.

"करा, सर. पण हेल्मेट घालून!"

आम्ही सगळे पोटभर हसलो. हेल्मेटं आमच्या हातातच होती.