दोन दमांत ओतलेली घंटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मामाजींचे, केशवमामांचे. महिन्यापूर्वी भंडाऱ्याहून मामेबहीण शालूचा फोन आला, "दादा, बाबा गेले..." तेव्हा मी प्रयोगशाळेत समुद्रतळावरच्या एका दगडाचा तुकडा कापत होतो. तो त्यांनाच दाखवायला न्यायचा होता.

आसगावची धानाची शेती भावांवर सोडून मामाजी भंडाऱ्यात एका कारखान्यात पितळ ओतायला लागले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. दहावीनंतर त्यांनी मला घरी नेलं आणि सात वर्षं ठेवून घेतलं. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा मामी म्हणाल्या, "गोटे पाहाले कॉलेज कायले पाह्यजे?" मामाजी म्हणाले, "पाहू दे वं. मी नाही का जलमभर पितळच पाहून राहिलो?"

एम.एस्सी. झाल्यावर घरी चार पाहुणे जेवायला होते. मी ऐटीत सांगत होतो, की महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगरांची रांग असते. तिथे तळ दोन्हीकडे सरकतो, खालचा तापलेला खडक वर येताना थोडा वितळतो आणि तो रस थिजून नवा तळ होतो. सगळीकडे सारखाच, सहा-सात किलोमीटर जाड. वरण वाढता वाढता मामाजींनी विचारलं, "सारखा कसा राहीन बापू? रस थांबून थांबून आला तं?" मी म्हणालो, "मामाजी, हे पितळ नाही. तुम्हाले यातलं काय समजते?" पाहुणे हसले. मामाजी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक घंटा ठेवली. अर्धा साचा भरल्यावर मुद्दाम हात थांबवून मग उरलेलं पितळ ओतलं होतं. मधे सांधा दिसत होता, एका जागी भोक. "वाजव," म्हणाले. आवाज अगदी बद्द आला. बिघडलेला नग ते एरवी लगेच पुन्हा वितळवायला टाकत. ही घंटा मात्र त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. मी ती रोज पाहायचो... माफी काही मागितली नाही.

नंतर नोकरी लागली, फोनवर बोलणं व्हायचं, पण माफीचं एवढं वाक्य तोंडातून निघत नसे. यंदा संशोधनाच्या जहाजावरून परतल्यावर शेवटी पत्र लिहिलं. शालूनं ते दोनदा वाचून दाखवलं. मामाजी हसले आणि तिला म्हणाले, "त्या चौघांईले आताच सांगून ठेव." पंधरा दिवसांनी ते गेले.

तेरवीला गेलो तेव्हा घंटा खिळ्यालाच होती. पत्राची सुरळी तिच्या पोटात खोचलेली होती.

"मामाजींना नमस्कार. तळ जिथे भराभर सरकतो तिथे थर बराचसा सारखा असतो. मी तेवढंच शिकलो होतो. जिथे हळू सरकतो, तिथे रस खरंच थांबून थांबून येतो. थर कुठे जाड होतो, कुठे पातळ. एका जागी काळा थिजलेला दगड मिळेल म्हणून आम्ही जाळी ओढली, तर हिरवट दगड वर आला. तो थराच्या खालचा, पृथ्वीच्या पोटातला. तिथे वर रसाचा थर झालाच नव्हता. तुमच्या घंटेला भोक आहे, तसं. तुम्ही बरोबर विचारलं होतं. मी जे बोललो ते चूक होतं, आणि पाहुण्यांसमोर बोललो ते जास्त चूक होतं. दिवाळीला दगड घेऊन येतो. त्या दिवशीच्या चौघांनाही जेवायला बोलवा. मला हे त्यांच्यासमोर सांगायचं आहे. तुम्ही पाटावर बसा. वरण मी वाढीन."