तोंड लावलेली नळी

"तोंड लावलंस व्हय रं त्या नळीला?"

आबासाहेब त्यांच्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. रहिमतपूरचं गॅरेज, भर दुपार. लष्करात मेकॅनिकचं काम करून मी गावाकडं परतलो त्याला दोन महिने झाले होते.

जीप जुनी. चढाला ओढत नव्हती. इंजिनाला पत्र्याची एक बारकी डबी असते. इंजिनानं हवा ओढली की तिच्या आतला पडदा सरकतो आणि ठिणगी वेळेवर पडते. पडदा धड आहे का फाटलाय, हे बघायला आमच्याकडं एकच साधन. तोंड. डबीची रबरी नळी ओठांत धरायची, हवा ओढायची, टोकावर जीभ लावायची. जीभ चिकटून राहिली तर पडदा धड.

माझी जीभ चिकटली नाही.

"पडदा फाटलाय," मी म्हणालो.

"कुणाचा रं तू?"

वडिलांचं नाव सांगितलं. म्हारवाड्यातला, हे त्यातच आलं. आबासाहेब दोन पावलं मागं सरले. ड्रायव्हरला तांब्या आणायला लावला.

"धू ती नळी. उस्ताद लावंल तोंड."

आणि मी धुतली. माझ्या हातानं. चोळून.

गॅरेज चालवणारे उस्ताद मिरजेचे, भला माणूस. खाली मान घालून त्यांनी तीच नळी तोंडात धरली. "फाटलाय," तेही म्हणाले. आता आबासाहेबांना पटलं.

आठ दिवस भाकरीला रबराचा वास. पाणी प्यायला तांब्या उचलला की हात थांबायचा. बायको विचारायची, "काय हुतंय तुमास्नी?" काय सांगू? नळी धुतली म्हणून सांगू?

सांगलीहून नवी डबी आली. मीच बसवली. तपासायला उस्तादांनी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या उस्ताद."

नळी मी तोंडात धरली. जीप न्यायला आलेल्या आबासाहेबांच्या डोळ्यांत बघत हवा ओढली. जीभ घट्ट चिकटली.

"डबी धड हाय, आबासाहेब."

"धू ती!"

"मी न्हाई धुणार. तोंड न्हाई लावलं तर कळत न्हाई. तुमास्नी धुयाची आसंल तर तुमी धुवा."

शेवटी ड्रायव्हरनं धुतली. संध्याकाळी उस्ताद म्हणाले, "गड्या, उद्यापास्नं येऊ नगंस. ही गॅरेजची जागा आबासाहेबांची हाय."

आता सांगलीत काम करतो. अजून नळी ओठांना लागली की पाण्याची धार ऐकू येते. पण गाडी आली की गिऱ्हाइकाला आधी माझी वस्ती सांगतो. मोठ्यानं. तोंड लावणार. धुणार नाही.

"तुमास्नी चालत आसंल तर बॉनेट उघडा."